इमारतींच्या उत्सर्जनावर शहरांची मर्यादा : मालक खरंच हलतात का?

नोंदवही

मंडळी, मी इमारतींचं ऊर्जा ऑडिट करते. मागच्या दोन-तीन वर्षांची विजेची आणि गॅसची बिलं मांडून बसायचं, मग तळघरापासून गच्चीपर्यंत फिरायचं आणि कुठे काय वाया जातंय ते मालकाला लिहून द्यायचं. या कामात मला सगळ्यात जास्त लागते ती अहवाल दिल्यानंतरची शांतता. 'चार वर्षांत पैसे वसूल' असं आकड्यांसकट लिहून दिलेलं काम आठ-आठ वर्षं पडून राहिलेलं पाहिलंय. फायदा आहे हे मालकाला पटलेलं असतं. पण आज नाही केलं तरी उद्या काही अडत नाही, म्हणून ते राहून जातं.

म्हणून काही शहरांनी केलेल्या कायद्यांकडे मी फार आशेने बघते. सगळ्यात गाजलेला न्यूयॉर्कचा लोकल लॉ ९७. तो २०१९ मध्ये झाला. त्या शहराच्या एकूण हरितगृह वायूंपैकी साधारण दोन तृतीयांश इमारतींमधून येतात, त्यामुळे हात घालायचा तर तिथेच घालावा लागणार होता. २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना दर चौरस फुटामागे वर्षाला किती कार्बन चालेल याची मर्यादा ठरवून दिली. पहिला टप्पा २०२४ ते २०२९, मग २०३० पासून मर्यादा एकदम खाली. वर जाल तर दर टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड.

हे एका रात्रीत आलेलं नाही. मोठ्या इमारतींनी वर्षभराचा ऊर्जा वापर शहराला कळवायचा, असा कायदा तिथे २००९ मध्येच झाला होता. पुढे त्यावरून ए ते डी अशी श्रेणी आली आणि ती प्रवेशदारावर लावणं सक्तीचं झालं. माहितीच दिली नाही तर एफ. म्हणजे आधी मोजणं, मग मोजलेलं चारचौघांत दाखवणं, आणि शेवटी मर्यादा.

दंडाच्या आकड्यावर पुष्कळ बोललं जातं. माझ्या मते खरा जोर तारखेचा आहे. २०३० ची मर्यादा २०१९ मध्येच जाहीर झाली, त्यामुळे मध्ये ज्या मालकाचा इमारत गरम करणारा बॉयलर बदलायला आला त्याला 'आहे तसाच दुसरा बसव' म्हणण्याआधी थांबावं लागलं. बॉयलर एकदा बसला की वीस-पंचवीस वर्षं हलत नाही. निर्णय त्या एका महिन्यात होतो.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

---

हिशेबनीस

चांगला विषय. एक नमुना हिशेब मांडतो, म्हणजे मर्यादा कशी चावते ते दिसेल.

एक लाख चौरस फुटांची निवासी इमारत धरा. गरम करायला आणि गरम पाण्याला गॅस, दर चौरस फुटामागे वर्षाला ७० हजार बीटीयू (उष्णतेचं माप). वीज दर चौरस फुटामागे ५ युनिट. ही इमारत मी उदाहरणासाठी धरली आहे, पण गुणक (एका युनिटामागे किती कार्बन धरायचा ते आकडे) न्यूयॉर्कच्या नियमातले आहेत.

२०२४ चा टप्पा : गॅसचे सुमारे ३७२ टन कार्बन, विजेचे १४४ टन, बेरीज ५१६. मर्यादा ६७५. पास.

२०३० चा टप्पा : गॅसचे तेच ३७२. वीजनिर्मिती स्वच्छ होईल असं धरून नियमाने विजेचा गुणक निम्म्यावर आणलाय, म्हणून विजेचे ७२. बेरीज ४४४. मर्यादा ३३५ च्या आत. जवळपास ११० टन जास्त. दंड वर्षाला सुमारे २९,४०० डॉलर.

इमारतीत काहीही बदललं नाही, तरी पास झालेली इमारत सहा वर्षांत नापास. आणि नापास करणारा आहे गॅस. 'वीज आपोआप स्वच्छ होणार आहे, आपण कशाला काही करायचं' असं म्हणणाऱ्यांनी हे गणित दोनदा करून बघावं.

---

चौथा मजला

वाचनखूण साठवली. पण मी भाडेकरू म्हणून विचारते. मालकाने खिडक्या बदलल्या, बॉयलर बदलला, की तो खर्च कोणाच्या माथी येतो? जिथे घर गरम करायचा खर्च भाड्यात धरलेला असतो तिथे बचत मालकाची. आणि सुधारणेच्या नावाखाली भाडं वाढवलं तर ते आमच्याकडून. कायदा हवामानासाठी असेल, पण घर सोडावं लागलं तर त्या माणसाला हवामानाचं काय?

---

नोंदवही

चौथा मजला, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि कायदा करतानाही तो विचारला गेला होता. न्यूयॉर्कमध्ये भाडेनियंत्रण असलेल्या घरांत मोठ्या भांडवली सुधारणेचा काही भाग भाड्यात चढवता येतो. म्हणूनच परवडणाऱ्या घरांच्या बऱ्याच इमारतींना आणि प्रार्थनास्थळांना वेगळी वाट दिली. त्यांनी मर्यादा गाठावी, नाहीतर ठरवून दिलेली १३ कामं करावीत. ही कामं थोड्या खर्चाची आहेत : गळणाऱ्या वाफेच्या नळ्या दुरुस्त करणं, पाइपांना इन्सुलेशन, तापमानाचे सेटिंग नीट करणं, फटी बुजवणं, रेडिएटरला (खोली गरम करणाऱ्या उपकरणाला) नियंत्रण.

बॉस्टनने आणखी एक केलं. २०२१ मध्ये सुधारलेल्या त्यांच्या नियमात मर्यादा ओलांडणारा मालक टनामागे २३४ डॉलर भरून सुटू शकतो, पण ते पैसे एका वेगळ्या निधीत जातात आणि प्रदूषणाची झळ जास्त सोसलेल्या वस्त्यांतल्या इमारतींच्या कामांना प्राधान्य मिळतं. निधीवर आणि सवलतींवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या दोन तृतीयांश जागांसाठी नावं स्थानिक संघटना सुचवतात.

तरी तुमची भीती संपत नाही, हे मान्य.

---

बॉयलरवाला

त्या १३ कामांची यादी वाचून बरं वाटलं. कोणीतरी तळघरात उतरून लिहिलेली आहे.

मी अनेक वर्षं थंड हवेतल्या जुन्या इमारतींची वाफेवरची हीटिंग सांभाळतोय. एकाच पाइपातून वाफ वर जाते आणि पाणी होऊन त्याच पाइपाने खाली येते, अशी पद्धत. प्रत्येक रेडिएटरला बोटाएवढा हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. वाफ येण्याआधी पाइपात हवा भरलेली असते, ती या व्हॉल्व्हमधून फुस्स करत बाहेर पडते आणि वाफ लागली की व्हॉल्व्ह बंद होतो. हा व्हॉल्व्ह रंगाने बुजला, की तो रेडिएटर थंडच राहतो. रंगारी दर वेळी त्यावरून ब्रश मारून जातो.

मग काय होतं बघा. बॉयलरजवळच्या घरांत वाफ आधी पोचते, टोकाच्या घरांत शेवटी. टोकाचा माणूस तक्रार करतो. मग बॉयलर जास्त वेळ चालवतात. टोकाची खोली कशीबशी गरम होते तोवर जवळच्या खोल्यांची भट्टी झालेली असते, आणि तिथली माणसं भर हिवाळ्यात खिडक्या उघडून बसतात. बर्फ पडतोय आणि अर्ध्या इमारतीच्या खिडक्या सताड उघड्या, हे दृश्य मी दर हिवाळ्यात पाहतो. त्यात बरेचदा बॉयलरचं नियंत्रण फक्त बाहेरच्या तापमानावर चालतं. आत किती गरम झालंय ते त्याला कळतच नाही.

यावर उपाय साधा आहे, कष्टाचा आहे. मुख्य पाइपाच्या टोकाला मोठे व्हॉल्व्ह लावायचे, म्हणजे सगळ्या उभ्या पाइपांत वाफ एकदमच चढते. तळघरातले उघडे पाइप गुंडाळायचे. प्रत्येक रेडिएटरचा व्हॉल्व्ह तपासायचा. काही घरांत तापमानाचे सेन्सर ठेवून त्यांच्या सरासरीवर बॉयलर चालू-बंद करायचा. एकाही खोलीतली सोय कमी होत नाही. उलट तक्रारी थांबतात.

एका इमारतीत हे काम करा म्हणून मी वर्षानुवर्षं मागे लागलो होतो. प्रत्येक बैठकीत 'पुढच्या वर्षी बघू'. वापर कळवायचा नियम आला, शेजारच्या तशाच इमारतीपेक्षा आपला गॅस कितीतरी जास्त आहे हे कागदावर दिसलं, आणि त्याच हिवाळ्याआधी काम मंजूर झालं. मी बोललो ते ऐकलं नाही, शेजारच्याचा आकडा ऐकला. मला त्याचं वाईट वाटत नाही, काम झालं.

---

हिशेबनीस

बॉयलरवाला, तुमच्या प्रतिसादाला माझा आकडा जोडतो. वरच्या नमुना इमारतीला २०३० ची मर्यादा गाठायला ११० टन कमी करायचे आहेत, म्हणजे गॅस साधारण ३० टक्के. जिथे हिवाळ्यात खिडक्या उघड्या असतात तिथे त्यातला मोठा वाटा तुम्ही सांगितलेल्या कामांतूनच निघेल.

आणि हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं विजेवरचं यंत्र, बसवला तर? जुना बॉयलर गॅसमधली पाऊण उष्णता खरी कामाला लावतो असं धरू. हीट पंप एक युनिट विजेत सरासरी तीन युनिट उष्णता देतो असं धरू, कडाक्याच्या थंडीत कमी देईल. मग ३७२ टनांच्या जागी २०३० च्या गुणकाने सुमारे ७४ टन उरतात. मर्यादेच्या कितीतरी आत.

---

घरमालक

सगळे एका बाजूने बोलताय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमची सहकारी मालकीची इमारत आहे, मी व्यवस्थापन समितीत आहे. आमच्या शहरातही असाच नियम आलाय. 'मालक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बडी कंपनी येते. आमच्यात निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. हीट पंपाचा खर्च वाटून घ्यायचा म्हटलं तर त्यांनी पैसे आणायचे कुठून? विजेची मुख्य लाइन वाढवावी लागेल तो खर्च वेगळाच. कायदा लिहिणाऱ्याला फक्त टन दिसतात. मला त्या आजींना तोंड द्यावं लागतं.

न्यूयॉर्कमध्येही क्वीन्सच्या एका मोठ्या सहकारी गृहसंकुलाने याच कारणाने शहराला कोर्टात खेचलं होतं ना?

---

नोंदवही

हो. २०२२ मध्ये दावा झाला. राज्याचा स्वतःचा हवामान कायदा असताना शहराला वेगळा कायदा करता येतो का, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने येतो असा निकाल दिला. त्यामुळे कायदा टिकला. पण घरमालक, निकालाने तुमच्या आजींचा प्रश्न सुटत नाही.

तिथल्या नियमांत एक सोय आहे. मर्यादा ओलांडली तरी आम्ही प्रामाणिकपणे प्रयत्न करतोय हे दाखवता येतं. कार्बन कमी करण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा द्यायचा, काम सुरू असल्याचं दाखवायचं, तर दंडाऐवजी मुदत मिळू शकते. काही जणांना ही पळवाट वाटते. मला तसं वाटत नाही. महापालिकेला दंड गोळा होऊन काय मिळणार? काम व्हायला हवं.

अहवालच न देणाऱ्याला मात्र तिथे दया नाही : दर चौरस फुटाला महिन्याला अर्धा डॉलर. वरच्या एक लाख चौरस फुटांच्या इमारतीला महिन्याला ५०,००० डॉलर! हिशेबनीसांनी काढलेला वर्षभराचा दंड यापुढे काहीच नाही. आकडा लपवणं हा मर्यादा ओलांडण्यापेक्षा मोठा गुन्हा धरलाय, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं.

---

अनुजा

टोकियोबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. न्यूयॉर्कच्या बरंच आधी, एप्रिल २०१० मध्ये टोकियो महानगर सरकारने मोठ्या इमारती आणि कारखान्यांवर उत्सर्जनाची मर्यादा आणि त्याला जोडून व्यापार (जास्त केलेली कपात दुसऱ्याला विकता येते) सुरू केला. शहराच्या पातळीवरचा जगातला हा पहिलाच प्रयोग. वर्षाला १,५०० किलोलिटर कच्च्या तेलाइतकी ऊर्जा वापरणाऱ्या जागा यात येतात. कपात पायरीपायरीने : पहिल्या पाच वर्षांत ऑफिस इमारतींना साधारण ८ टक्के, मग १७, मग २७.

मला त्यातल्या तीन गोष्टी आवडतात. पहिली, कपात कोणत्या पातळीपासून मोजायची ते मालकाला निवडता येतं : २००२ ते २००७ या काळातली कोणतीही सलग तीन वर्षं. ज्याने आधीच सुधारणा केली होती तो शहाणा माणूस यात मार खात नाही. खालून सुरुवात करणाऱ्याला आणखी कपात कर म्हणणं हा असल्या नियमांतला नेहमीचा अन्याय असतो, तो त्यांनी ओळखला.

दुसरी म्हणजे भाडेकरू. ५,००० चौरस मीटरपेक्षा जास्त जागा किंवा वर्षाला ६० लाख युनिटांहून जास्त वीज वापरणाऱ्या भाडेकरूने स्वतःचा आराखडा द्यायचा आणि मालकाला सहकार्य करायचं. चौथा मजला यांचा प्रश्न घराचा आहे, हा ऑफिसचा, पण गाठ तीच आहे : खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची. मालकाने कितीही चांगला चिलर (थंडाव्याचं यंत्र) बसवला आणि भाडेकरूने रात्रभर दिवे चालू ठेवले, तर आकडा कसा उतरणार?

तिसरी, दंडाची रक्कम. जास्तीत जास्त ५ लाख येन, म्हणजे टोलेजंग इमारतीच्या मालकाला किरकोळ. पण कपातीत तूट राहिली तर तिच्या १.३ पट कपात करायचा आदेश निघतो, आणि तो पाळला नाही तर नाव जाहीर होतं. मूळ धाग्यात नोंदवही म्हणतात तेच इथे दिसतं, रकमेवर सगळं अवलंबून नसतं.

---

बॉयलरवाला

दिव्यांवरून आठवलं. एका ऑफिस इमारतीत रात्रीचा वापर दिवसाच्या निम्म्याहून जास्त दिसत होता. कोणालाच पत्ता लागेना. शेवटी रात्री दोन वाजता गेलो. सगळे मजले रिकामे, आणि एअर हँडलरचे, म्हणजे इमारतीत हवा खेळवणाऱ्या यंत्राचे, पंखे पूर्ण वेगाने फिरतायत. पॅनेल उघडून बघितलं तर सहापैकी चार स्विच 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर. कधीतरी दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी फिरवले आणि परत फिरवायचे राहिले. स्विचवर धुळीचा थर होता, म्हणजे किती वर्षं झाली असतील बघा. चार स्विच 'ऑटो'वर आणायला मला एक मिनिटही लागलं नाही.

दर तासाचा आकडा कोणी बघत असता तर हे पहिल्याच आठवड्यात सापडलं असतं.

---

चौथा मजला

बॉयलरवाला, असा वाया जाणारा पैसा आधी वाचवला, तर भाडेवाढ न करताही बरंच काही होऊ शकतं असं दिसतं. मग प्रमाणपत्रं विकत घेऊन मर्यादा गाठता येते असं ऐकलंय, ते खरं का? तसं असेल तर मालक पंखे चालू ठेवेल आणि कागद विकत घेईल.

---

हिशेबनीस

न्यूयॉर्कमध्ये अक्षय ऊर्जेची प्रमाणपत्रं (तेवढी स्वच्छ वीज तयार झाल्याचे कागद) चालतात, पण फक्त विजेच्या उत्सर्जनापुरती. गॅसचे टन त्यांनी पुसता येत नाहीत. शिवाय ती वीज शहराच्या ग्रीडमध्ये पोचणारी असावी लागते, दूरच्या राज्यातल्या पवनचक्कीचा कागद चालत नाही. वरच्या नमुना इमारतीने विजेचे सगळे ७२ टन कागदाने शून्य केले तरी गॅसचे ३७२ उरतात आणि मर्यादा ३३५ च्या आत आहे. म्हणजे तिला तळघरात उतरावंच लागेल.

मोठ्या ऑफिसांचं गणित वेगळं आहे, तिथे विजेचा वाटा मोठा असतो. तिथे मात्र तुमची शंका खरी ठरू शकते.

---

नोंदवही

घरमालक यांच्या खर्चाच्या मुद्द्याकडे परत येते, कारण तो मनात राहिलाय.

एम्पायर स्टेट बिल्डिंगचं काम २००९ मध्ये सुरू झालं, या कायद्याच्या दहा वर्षं आधी. त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. चिलर जुने झाले होते. सरळ नवे घेता आले असते. त्याऐवजी आधी गरजच कमी केली. ६,५१४ खिडक्यांच्या काचा काढून त्याच इमारतीत एका मजल्यावर कारखाना मांडला, मध्ये फिल्म आणि वायू भरून त्याच काचा परत बसवल्या. रेडिएटरच्या मागे उष्णता परतवणारे पडदे लावले. दिवे आणि नियंत्रणं सुधारली. इतकं झाल्यावर थंड करायचा भारच उतरला, आणि नवे, मोठे चिलर घेण्याऐवजी जुन्यांच्याच नूतनीकरणावर भागलं. ऊर्जा वापर ३८ टक्के कमी होईल आणि वर्षाला ४४ लाख डॉलर वाचतील असा अंदाज बांधून हे काम हाती घेतलं होतं.

तुमच्या इमारतीला तो पैसा नाही, पण तो क्रम फुकट आहे. घरमालक, तुमचा बॉयलर किती वर्षांचा आहे? आणि जुन्याच्या पाटीवरची क्षमता बघून नव्याच्या खर्चाचा कोट (दरपत्रक) दिलाय की प्रत्येक खोलीची गरज मोजून? बहुतेक ठिकाणी पाटी वाचून देतात, आणि जुना बॉयलर गरजेपेक्षा मोठाच असतो. आधी वाफ सगळीकडे सारखी पोचवा, पाइप गुंडाळा, फटी बुजवा, एक हिवाळा मोजा. मग जे यंत्र घ्याल ते लहान असेल. हीट पंप घेतलात तरी लहान, विजेची लाइनही कदाचित तेवढी वाढवावी लागणार नाही. आजींच्या वाट्याचा आकडा तिथे कमी होतो.

---

घरमालक

बॉयलर २२ वर्षांचा आहे. कोट जुन्या पाटीवरूनच दिला होता, आज फाइल काढून बघितली. बैठकीत मीच त्याला हात वर केला होता.

---

बॉयलरवाला

घरमालक, सही झाली नसेल तर थांबवा. तापमानाचे तीन छोटे लॉगर घ्या. एक बॉयलरच्या सगळ्यात जवळच्या घरात, एक टोकाच्या घरात, एक मधल्या मजल्यावर. खिडकीपाशी किंवा रेडिएटरवर ठेवू नका, आतल्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर लावा. दर पंधरा मिनिटांनी नोंद. सोबत गॅसच्या मीटरचं वाचन रोज सकाळी एकाच वेळी लिहून ठेवा. दोन आठवडे पुरे.

---

घरमालक

सही झाली नव्हती, थांबवली. लॉगर आज लावले. टोकाचं घर त्या आजींचंच निघालं. तिथे रेडिएटर कोमट होता आणि व्हॉल्व्हवर रंगाचे तीन-चार थर. जवळच्या घरात खिडकी उघडी होती. गॅसचं पहिलं वाचन सकाळी सातला घेतलंय. दोन आठवड्यांनी आकडे इथेच टाकतो.